पोरं टिकत नाहीत, ती पगारामुळे की माझ्यामुळे?

प्रश्न : मी महाबळेश्वरमधल्या एका चाळीस खोल्यांच्या कौटुंबिक हॉटेलात ऑपरेशन्स मॅनेजर आहे. आधी फ्रंट ऑफिसला होते, गेल्या दिवाळीनंतर शेठनी बढती दिली. आता सर्व्हिस, हाउसकीपिंग, किचन असं सगळंच माझ्याकडे आहे. ऐन मे महिन्यात तीन वेटर एका रात्रीत बॅगा भरून निघून गेले. त्यातला एक जावळीतला, चार सीझन आमच्याकडे काढलेला. किचनचे उस्ताद खूप जुने आहेत. ते माझं ऐकत नाहीत आणि पोरांवर सतत खेकसतात. शेठ कॅश काउंटरवरून सगळ्यांदेखत ओरडतात. फुटलेला ग्लास, चुकलेली ऑर्डर, पाहुण्याने न भरलेलं बिल, सगळं पोरांच्या पगारातून कापलं जातं. मी 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' असा बोर्ड लावला, फोटो आणि पाचशे रुपये बक्षीस ठेवलं, तर पोरं हसली. ऑनलाइन रिव्ह्यूत लोक लिहितात, 'जागा सुंदर, पण स्टाफ तुसडा.' मागच्या रविवारी गर्दीत माझाच तोल गेला आणि एका पोराला मी पाहुण्यांसमोर नको ते बोलले. या लोकांत उत्साह आणायचा कसा? कडक व्हायचं की सांभाळून घ्यायचं? आणि मॅनेजरच्या वागण्याने मुळात काही फरक पडतो का, की शेवटी सगळा पगाराचाच खेळ आहे?

– एक वाचक, महाबळेश्वर

नमस्कार ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. पगार महत्त्वाचा आहेच. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम हातात पडत नसेल, तर तुम्ही कितीही चांगल्या वागलात तरी पोरं टिकणार नाहीत, आणि त्यांनी टिकावं अशी अपेक्षाही आपण करू नये. पण तुमच्याच पत्रातला तो जावळीचा मुलगा बघा. तोच पगार, तेच शेठ, तेच उस्ताद, आणि तो चार सीझन राहिला. गेला कधी? मे महिन्यात. वर्षातली सगळ्यात जास्त टिप ज्या महिन्यात मिळते, त्या महिन्यात. पैशासाठी नोकरी सोडणारा माणूस मे पदरात पाडून घेतो, जूनमध्ये पाऊस सुरू झाला की मग निघतो. मेच्या मध्यावर रात्री बॅग भरणाऱ्याला काहीतरी सहन झालेलं नसतं. ते काय होतं, हे तुमच्या पत्रात तुम्हीच लिहिलंय, फक्त वेगवेगळ्या वाक्यांत विखरून.

म्हणून उत्साह आणायचा कसा, हा प्रश्न मला पटत नाही. नवीन पोरगा पहिल्या आठवड्यात कसा असतो ते आठवा. शर्ट इस्त्रीचा, मेनूकार्ड पाठ करण्याची धडपड, पाहुणा दारात दिसला की दोन पावलं पुढे. उत्साह घेऊनच तो आलेला असतो. पुढच्या दोन-तीन महिन्यांत हॉटेलात ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळी तो संपतो. ती ठिकाणं मॅनेजरच्या ताब्यातली असतात. मॅनेजरच्या वागण्याने फरक पडतो तो तिथे. भाषणांनी आणि बोर्डांनी पडत नाही.

सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे पिकअप काउंटर, किचनमधून तयार पदार्थ उचलायची जागा. रविवार, दुपारचा दीड. बाहेर वेटिंग. आठ नंबरवर पुण्याहून आलेलं बारा जणांचं कुटुंब. आजींना बिनतिखट हवं, लहानग्यांचं आधी हवं, आणि एका काकांना मागवलेलं पनीर आता नको, व्हेज कोल्हापुरी हवी. हा बदल घेऊन वीस वर्षांचा पोरगा पिकअपवर येतो. उस्तादांसमोर केओटींची, म्हणजे किचनला येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची, रांग लागलेली आहे, तंदूरवाला आज एकटाच आहे. बापाच्या वयाच्या माणसाला तो पोरगा सांगतो, "आठ नंबर का पनीर कॅन्सल." उस्ताद झारा आपटतात, आईवरून शिवी देतात. पोरगा काही बोलत नाही. ट्रे उचलतो आणि तोच चेहरा घेऊन आठ नंबरवर जातो. काका विचारतात, "अजून किती वेळ?" तो म्हणतो, "होईल." काका रात्री रूमवर बसून रिव्ह्यू लिहितात. तुसडा स्टाफ तुमच्या डायनिंग हॉलमध्ये तयार होत नाही, ताई. तो पिकअपवर तयार होतो.

हे फक्त तुमच्याकडे घडतं असं समजू नका. विल्यम फूट व्हाइट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात शिकागोतल्या रेस्टॉरंटांचा बारकाईने अभ्यास केला होता. गर्दीच्या वेळी वेट्रेस रडतात, किचनशी भांडणं होतात, हे त्याला दिसत होतं. त्याने शोधलं की यातली बरीच भांडणं एका उलट्या गोष्टीतून होतात. ज्याचा मान आणि पगार कमी, तो ज्याचा मान आणि पगार जास्त त्याला हुकूम सोडतो. वेट्रेसने तोंडाने ऑर्डर दिली की स्वयंपाकी अडून बसायचा. तीच ऑर्डर चिठ्ठीवर लिहून काउंटरवरच्या सळईला खोचली की तणाव उतरायचा, कारण मग तो चिठ्ठ्या आपल्या सोयीने, आपल्या क्रमाने उचलायचा. कुणी आपल्याला हुकूम दिला असं त्याला वाटायचं नाही. कुणाचा स्वभाव बदलला नव्हता. फक्त मधे एक सळई आली होती.

आज ते काम केओटीचा प्रिंटर करतो. पण तुमच्याकडे पहिली ऑर्डर प्रिंटरवरून जाते आणि बदल, घाई, कॅन्सल हे सगळं तोंडी जातं, असा माझा अंदाज आहे. बहुतेक हॉटेलांत तसंच असतं. तेव्हा एक नियम करा : कुठलाही बदल लेखी केओटीशिवाय आत जाणार नाही. आणि दुपारी एक ते तीन, रात्री आठ ते दहा या वेळात पिकअपवर एकच माणूस उभा राहील. उस्तादांशी फक्त तोच बोलेल, वेटर त्याच्याशी बोलतील. पहिले पंधरा दिवस तो माणूस तुम्ही असा. केबिनमध्ये नाही, रिसेप्शनला नाही, पिकअपवर. कुठलं टेबल उशिरा चाललंय, कुठला पदार्थ रोज अडतो, कोण पोरगा घाबरून जातो आणि कोण शांत राहतो, हे तुम्हाला तिथे उभं राहिल्यावर जेवढं कळेल तेवढं महिनाभर सीसीटीव्ही पाहून कळणार नाही. नंतर एखादा कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, तिथे तयार करा.

उस्तादांबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण तुमच्या पत्रात त्यांच्यावर राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण त्यांच्या बाजूने पाहा. काल फ्रंट ऑफिसला बसणारी मुलगी आज साहेब झाली. तिला किचनमधलं काय कळतं, असं ते मनात म्हणत असणार. त्यांच्याशी अधिकाराची लढाई लढू नका. हरलात तर गेलात, आणि जिंकलात तर ते सीझनमध्ये सोडून जातील. रोज सकाळी भाजी आली की दहा मिनिटं त्यांच्यापाशी जा आणि विचारा, "उस्ताद, आज किती रूम लागल्यात ते सांगते, आज काय लवकर उठेल आणि काय अडेल?" आजचा स्पेशल त्यांना ठरवू द्या. ज्या पदार्थाला वीस मिनिटांपेक्षा जास्त लागतात, तो ऑर्डर घेतानाच वेटरने पाहुण्याला सांगायचा, हे त्यांच्याच तोंडून सर्व्हिसआधीच्या ब्रिफिंगमध्ये येऊ द्या. त्यांच्या अडचणी तुम्ही सोडवताय हे दिसलं की माणूस सैल होतो. शिवीच्या बाबतीत मात्र स्पष्ट राहा. एकट्यात सांगा, आवाज न चढवता : "तुम्ही मला बोला, ऐकून घेईन. पोरांना आईवरून शिवी द्यायची नाही." हे एकदा सांगून सुटणार नाही. प्रत्येक वेळी सांगावं लागेल. आणि हाउसकीपिंगच्या बायकांशी कुणी वावगं बोलत असेल, तर ते स्वभावाचं प्रकरण राहत नाही. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असावीच लागते. तुमच्याकडे नसेल तर ती बसवणं तुमचं काम आहे.

आता पगारातून कापण्याबद्दल. माझ्या मते तुमच्या हॉटेलचं सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतंय. फुटलेल्या ग्लासाचे पैसे भरणारा पोरगा दुसऱ्या दिवशी काय करतो? ग्लास जपून धरतो, एवढंच आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो गर्दीत पुढे यायचं थांबवतो. जो सहा टेबलं धावून करतो त्याच्या हातून फुटतं, जो दोन टेबलं रमतगमत करतो त्याच्या हातून फुटत नाही. म्हणजे दंड कष्टाळू पोराला बसतो आणि बाकीचे ते पाहून शिकतात. न भरलेलं बिल वेटरच्या माथी मारणं तर सरळ अन्याय आहे. पाहुणा पळाला तर तो धंद्याचा धोका आहे, आणि धंद्याचा नफा जो घेतो त्याने धोका घ्यायचा. कायदाही शेठच्या बाजूने नाही. दंडाची एकूण रक्कम त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपुढे जाता येत नाही, मनाला येईल त्या कारणासाठी दंड लावता येत नाही, आणि आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नुकसानभरपाई घ्यायची तर ते त्याच्या हलगर्जीपणामुळेच झालं हे दिसायला हवं. फुटतुटीचा एक महिन्याचा हिशेब काढा. बहुतेक ठिकाणी तो आकडा एका संध्याकाळच्या दोन टेबलांच्या बिलाएवढा निघतो. तेवढ्यासाठी आपण माणसं घालवतोय.

कडक व्हायचं की सांभाळून घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. पोराच्या दृष्टीने यातला फरक दुय्यम असतो. कडक मॅनेजर त्याला चालतो. त्याला झोपू देत नाही ती अनिश्चितता. आज ग्लास फुटला तर काही नाही आणि उद्या दोनशे रुपये, आज सुट्टी मंजूर आणि उद्या सकाळी रद्द. तुम्ही कडक असा, पण नियम आधी सांगितलेला असू द्या, सगळ्यांना सारखा असू द्या, आणि शेठच्या गावाकडून आलेल्या पोरालाही तोच असू द्या.

रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, हे त्याचं पहिलं उदाहरण. आपल्या धंद्यात ब्रेक ड्युटी असते : सकाळी अकरा ते तीन, मग संध्याकाळी सात ते अकरा. कागदावर आठ तास, पण पोराचा अख्खा दिवस गेलेला असतो. सीझनमध्ये ते अटळ आहे हे मी मान्य करतो. पण रोस्टर रविवारी रात्री लागलं पाहिजे आणि आठवडाभर शक्यतो हलता कामा नये. वीकली ऑफ रद्द करायची वेळ आलीच तर बदली तारीख त्याच क्षणी लिहून द्या. साप्ताहिक सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दर हे त्याच्या हक्काचं आहे, तुमची मेहेरबानी नाही. मेढ्याची शेवटची एसटी पकडून घरी जाणाऱ्या पोराला संध्याकाळी पाच वाजता "आज थांब" म्हणणं म्हणजे काय, हे शेठना कळणार नाही. तुम्हाला कळायला हवं.

पावसाळ्याचंही तसंच. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर धंदा बसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात पोरांना कळतं की कोण राहणार आणि कोण घरी जाणार. पुढच्या वर्षीपासून हे एप्रिलमध्ये सांगा : एवढे जण पावसाळ्यातही पगारावर, एवढ्यांना रजा, आणि दिवाळीपूर्वी अमुक तारखेला परत हजर व्हायचं. जूनमध्ये नोकरी राहील का, याची धास्ती असलेला पोरगा मेमध्येच दुसरीकडे फोन लावत असतो.

टिपबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण विचारा. टिप बॉक्स कोण उघडतं, कुणासमोर मोजली जाते, मोरीवर भांडी घासणाऱ्याला त्यातलं काही मिळतं का? सर्व्हिस आणि किचन यांच्यातला अर्धा राग इथून येतो. न्यूयॉर्कचे रेस्टॉरंट-मालक डॅनी मेयर यांनी २०१५ मध्ये किचन आणि सर्व्हिसच्या कमाईतली दरी कमी करण्यासाठी आपल्याकडची टिप बंद करून दर वाढवले. २०२० मध्ये त्यांना ती पुन्हा सुरू करावी लागली. इतक्या मोठ्या माणसालाही हे नीट जमलं नाही, म्हणून तुम्ही एवढा मोठा घाट घालू नका. बॉक्स आठवड्यातून एकदा सगळ्यांसमोर उघडा, दोन पोरांना मोजू द्या, वाटा आधी ठरवून भिंतीवर लिहा, आणि त्यात मॅनेजर किंवा मालक यांचा वाटा नसू द्या. शेठ बिलात सेवा शुल्क लावण्याचं म्हणत असतील तर त्यांना सांगा, की ते आपोआप लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली.

स्टाफचं जेवण एका वाक्यात : आठवड्यातून तीन वेळा तुम्ही तेच जेवण, तिथेच बसून जेवा, आठवडाभरात ते आपोआप सुधारेल.

इथवर लिहिलं ते नुकसान थांबवण्याबद्दल. पोरं आपणहून पुढे कधी येतात, त्याचं उत्तर मात्र मला दुसऱ्या टोकाला दिसतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजमहाल हॉटेलमध्ये जे घडलं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या हल्ल्यात हॉटेलचे अकरा कर्मचारी पाहुण्यांना वाचवताना गेले. जनरल मॅनेजर करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुलं त्याच इमारतीत मृत्युमुखी पडली, आणि ते पाहुण्यांना बाहेर काढण्याच्या कामावर उभे राहिले. अशा प्रसंगाचा दाखला धंद्याच्या सल्ल्यात देताना मला संकोच होतो. तरीही देतो, कारण हार्वर्ड बिझनेस स्कूलशी संबंधित रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी २०११ मध्ये या घटनेवर जे लिहिलं, ते तुमच्या कामाचं आहे. त्या रात्री वेटरांना, टेलिफोन ऑपरेटरांना, किचनमधल्या लोकांना कुणी जीव धोक्यात घालायचा हुकूम दिला नव्हता. मग ते पळाले का नाहीत, याचं उत्तर या दोघांनी भरती, प्रशिक्षण आणि कौतुक या तीन रोजच्या गोष्टींत शोधलं.

भरती मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांतून, आणि स्वभाव पाहून. प्रशिक्षण अठरा महिन्यांचं, इतर हॉटेलांत बारा महिन्यांचं असतं तेव्हा. आणि त्या प्रशिक्षणात हे ठसवलेलं, की पाहुण्यासमोर तुम्ही उभे असता तेव्हा निर्णय तुमचा, आणि तुम्ही पाहुण्याच्या बाजूने उभे असता. कौतुकाची पद्धत अशी, की चांगलं काम झाल्यावर अठ्ठेचाळीस तासांच्या आत त्या माणसापर्यंत ते पोचायचं, आणि त्यात त्याच्या थेट वरिष्ठाचा हात असायचा.

तुमच्या शेठकडे टाटांचे पैसे नाहीत, अठरा महिने प्रशिक्षण देणं तुम्हाला शक्य नाही. पण या तीनपैकी पहिली गोष्ट तुमच्याकडे आयती आहे : जावळीतली, वाईतली, उत्तराखंडातून आलेली पोरं. आणि तिसरी गोष्ट फुकट आहे. महिन्याच्या बोर्डावर पोरं हसली ती उद्धट आहेत म्हणून नाही. महिनाभराने, एकालाच, कशासाठी ते न सांगता मिळालेलं कौतुक त्यांना खोटं वाटलं, आणि त्याच भिंतीखाली शेठ त्यांच्यावर ओरडत होते. बोर्ड काढून टाका. त्याऐवजी रात्रीची सर्व्हिस संपल्यावर एका पोराला नेमकं सांगा : "बारा नंबरच्या आजोबांना जिना चढता येत नव्हता, तू न सांगता खालचं टेबल लावलंस. मी पाहिलं." एवढंच. पुढे "असंच काम करत राहा" वगैरे जोडू नका. 'मी पाहिलं' यात सगळं आलं. आणि ते खरंच पाहायचं तर तुम्ही हॉलमध्ये असायला हवं.

राहिली दुसरी गोष्ट, निर्णय. रिट्झ-कार्लटन हॉटेलांत पाहुण्याची तक्रार सोडवण्यासाठी कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता दोन हजार डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असल्याचं हॉटेलच्या धंद्यात सगळे सांगतात. तुमच्याकडे आज काय होतं? रोटी गार आली म्हणून पाहुणा चिडतो, पोरगा कॅप्टनकडे, कॅप्टन तुमच्याकडे, तुम्ही शेठकडे. तोवर पाहुण्याचं जेवण संपतं आणि पोरगा आपण कुणीच नाही हे शिकतो. तुमच्या हॉटेलात वेटरला तीनशे रुपये आणि कॅप्टनला एक हजार एवढी मुभा द्या. डिश बदलून द्या, एक सोलकढी किंवा स्ट्रॉबेरी क्रीम आपल्याकडून द्या, बिलातून एक पदार्थ वगळा. एका वहीत टेबल नंबर, काय झालं आणि काय दिलं, एवढं लिहायचं. पहिल्या महिन्यात दोन-चार चुकीचे निर्णय होतील. ते झाल्यावर तुम्ही काय करता यावर पुढचं सगळं आहे. तेव्हा "विचारलं का नाहीस?" हा प्रश्न तोंडातून निघाला की ती वही बंद पडली. व्हाइटनेही शिकागोत हेच टिपलं होतं : पाहुण्याच्या फक्त मागे धावणाऱ्या वेट्रेस कोलमडायच्या, आणि पहिला शब्द आपण बोलून टेबल हातात घेणाऱ्या गर्दीतही टिकायच्या. टेबल हातात घ्यायला पोराच्या हातात काहीतरी असावं लागतं.

पोरांना हसायला सांगू नका, हेही इथेच लिहितो. अर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींवर लिहिताना दाखवलं, की चेहऱ्यावर हसू ठेवणं हेही श्रमच आहेत आणि त्यांनीही माणूस थकतो. सलग दहा तास उभा असलेला पोरगा हसत नाही तेव्हा त्याला पंधरा मिनिटं बसायला जागा आणि एक चहा द्या.

आता रविवारचं. तुम्ही ज्याला बोललात तो पोरगा अजून आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर त्याची माफी मागा, आणि एकट्यात नको. पाहुणे गेले, पण बाकीचा स्टाफ तिथे होता. म्हणून ब्रिफिंगमध्ये, सगळ्यांसमोर. "रविवारी मी तुला पाहुण्यांसमोर बोलले, ते चुकलं. ऑर्डर चुकली होती, ते आपण आता बोलू, पण तसं बोलायला नको होतं." यामुळे वचक जाईल अशी भीती वाटेल. जाणार नाही. उलट त्या दिवसापासून उस्तादांना "शिवी नको" म्हणायचा तुम्हाला अधिकार येईल, जो आज नाही. ऑर्डर कशी चुकली हे मात्र विचाराच. सांभाळून घेणं म्हणजे चूक न दाखवणं नाही. रोज सर्व्हिसआधी दहा मिनिटांचं ब्रिफिंग ठेवा : आज काय नाही, काय लवकर होईल, किती ग्रुप आहेत, काल काय चुकलं आणि आज ते कसं टाळायचं. काल कोण चुकलं ते ब्रिफिंगमध्ये नाही, ते बाजूला घेऊन.

सगळ्यात अवघड शेठ. त्यांना 'स्टाफचं मनोबल' वगैरे सांगू नका, हिशेब सांगा. मेमध्ये तीन वेटर गेले. त्या पंधरा दिवसांत किती टेबलं रिकामी ठेवावी लागली, किती पाहुणे वेटिंग पाहून दुसरीकडे गेले, एजंटला नवीन पोरांसाठी किती दिले, नवीन पोरांनी किती ऑर्डर चुकवल्या. हे आकडे तुमच्याकडच्या रजिस्टरांतून निघतील. शेजारी वर्षभरात पगारातून कापलेली एकूण रक्कम लिहा. मग दोनच गोष्टी मागा : दिवाळी सीझन संपेपर्यंत कापाकापी बंद, आणि पाहुण्याची किंवा पोराची कुठलीही तक्रार काउंटरवरून न ओरडता थेट तुमच्याकडे यायची. जास्त मागू नका, शेठना नुसत्या मागण्यांचा ढीग दिसेल. शेठनी नाही म्हटलं तर? कापाकापीबद्दल कायदा दाखवा, एकदा नीट बसून. आणि दिवाळीनंतरही काउंटरवरून ओरडणं चालूच राहिलं, तर तुम्ही तुमच्यासाठी दुसरी नोकरी बघायला लागा, हे मी अगदी मनापासून सांगतो. मालक रोज मोडतो ते मॅनेजरला रोज जोडता येत नाही, आणि ते जोडत बसण्यात तुमची उमेदीची वर्षं जातील.

पावसाळा सुरू झालाय, हॉटेल अर्धं रिकामं आहे, ही वेळ चांगली आहे. वरचं सगळं एकदम करायला जाऊ नका. पिकअप आणि रोस्टर आत्ता, टिप आणि खर्चाची मुभा ऑगस्टपर्यंत. त्याआधी मात्र याच आठवड्यात त्या जावळीच्या मुलाला फोन करा. परत ये असं म्हणू नका, तसं म्हटलंत की तो कारण सांगणार नाही. त्याचा काही पगार अडकला असेल तर तो आधी त्याच्या खात्यात जमा करा आणि मग फोन लावा. "तू गेलास त्या दिवशी नेमकं काय झालं?" एवढं विचारा आणि गप्प राहून ऐका. तो तुमचं नाव घेईल, ही शक्यता धरून फोन करा.